अण्णांचं गेटलाइन

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होते. फोन ठेवला आणि उरलेला चहा संपवला. रडू आलं नाही. शोकसभेत सगळे त्यांना देवमाणूस म्हणत होते, मी मागच्या खुर्चीवर दात आवळून बसले होते.

आमच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात मागांना नक्षी पुरवणारा प्रोग्रॅम अण्णांनी तरुणपणी, सी भाषेत, एकट्यानं लिहिला. उत्तम लिहिला, हे मी नाकारत नाही. मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. पण नवा कंप्युटर आला आणि माझ्याकडे तो प्रोग्रॅम कंपाइलच होईना, म्हणजे कंप्युटरला चालवता येईल अशा रूपात उतरेना. अण्णांनी आपल्या एका फंक्शनला, म्हणजे फाइलमधली एकेक ओळ वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला, ‘गेटलाइन’ नाव दिलं होतं. मधल्या काळात त्याच नावाचं, वेगळ्या घडणीचं फंक्शन सिस्टिममध्येच आलं होतं. एकाच नावाच्या दोन घोषणा जुळेनात, म्हणून कंपाइलर अडून बसला होता. मी म्हटलं, “अण्णा, आपल्या फंक्शनचं नाव बदलू या.”

“मी आदीपासून हितं हाय. ते काल आलंय. नाव त्यानं बदलावं की.”

मग अण्णांनी कारखान्याच्या शेठसमोर आपल्या जुन्या कंप्युटरवर प्रोग्रॅम कंपाइल करून दाखवला… एकही चूक नाही. “माज्याकडं हुतंय. हिला जमत न्हाय.” दुसऱ्या दिवसापासून शेठनी मला ऑर्डरींचे फोन घ्यायला बसवलं. इतकी वर्षं शिकलेलं सगळं त्या एका वाक्यानं मातीत गेलं.

ते गेल्यावर काम पुन्हा माझ्याच गळ्यात आलं. त्यांच्या खोलीतला तो कंप्युटर अजून तसाच होता, वर आमचाच एक टॉवेल पांघरलेला. तो काढून मी आतल्या फायली नव्या कंप्युटरशी ताडून पाहिल्या. आपलं नाव बदलायला लागू नये म्हणून या माणसानं चक्क सिस्टिमच्या फाइलमधली गेटलाइनची ओळ उडवली होती. म्हणून फक्त त्यांच्याकडेच चालत होतं. आणि हे त्यांना ठाऊक होतं… मला फोनवर बसवलं तेव्हाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

फंक्शनचं नाव मी सगळीकडे बदललं. प्रोग्रॅम नव्या कंप्युटरवर पहिल्या फटक्यात कंपाइल झाला. शेठ मागून बघत होते. म्हणाले, “अण्णांचं काम लई पक्कं, बगा.”

मी जुना कंप्युटर बंद केला, टॉवेल पुन्हा पांघरला. फंक्शनचं नवं नाव मी ‘अण्णा_गेटलाइन’ ठेवलंय. प्रेमानं नाही. पुढं या प्रोग्रॅमपायी कुणाचं डोकं फिरलं, तर शिव्या कुणाला घालायच्या हे त्याला कळावं म्हणून.