उलटीनंतरचा डाव

गुरुग्राममधल्या आमच्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या फुटबॉलचे सामने बघायचे आणि खेळाडूंना गुण द्यायचे, हे माझं काम होतं. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्याने अंगावर धडक देऊन पाडायचं, असा तो खेळ. पुण्याच्या मावशीला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "यासाठी तुला दिल्लीपर्यंत जावं लागलं?"

दिल्लीला आले ती नवऱ्याच्या बदलीमुळे. कॉलेजात मी कबड्डी खेळत असे, डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या गड्याचं लक्ष चढाई करणाऱ्याच्या पायांवर असावं लागतं, त्यामुळे माणसाचा तोल कुठल्या पायावर आहे हे मला चटकन दिसतं. मुलाखतीत त्यांनी मला न कळणाऱ्या खेळाची एक चित्रफीत दाखवली आणि विचारलं, हा माणूस का पडला? मी म्हणाले, टाचेवर होता. नोकरी मिळाली.

त्या खेळात दरवर्षी कॉलेजांतून खेळून बाहेर पडणाऱ्या मुलांना मोठे संघ एकेक करून निवडून घेतात. त्या वर्षी एका संघाने निवडलेला एक मुलगा माझ्या वाट्याला आला. तो 'ऑफेन्सिव्ह टॅकल' होता. म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि त्याच्यावर धावून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं. या गड्याच्या हाती चेंडू सहसा लागतच नाही. त्याने काम चोख केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. तो चुकला की फेकणारा आडवा होतो आणि सगळं मैदान याच्याकडे बघतं.

अमेरिकेतल्या एका क्रीडा संकेतस्थळासाठी आम्ही हे मूल्यमापन करून देत होतो. तिथले वाचक म्हणजे संघांचे चाहते. आपल्या संघाने घेतलेला नवा गडी कसा आहे, हे त्यांना हवं असे.

मी त्याचे कॉलेजातले सामने बघायला घेतले. मुलगा चांगला होता. एवढा अजस्र देह, पण पावलं हलकी. धावून येणारा आतून वळला तरी याचा तोल सुटत नसे. हात मात्र उशिरा पुढे यायचे. समोरचा छातीपर्यंत पोचला की मग हा हात लावायचा, आणि तोवर एक पाऊल मागे गेलेलं असायचं. शिकवलं तर सुधारेल असा दोष. मी तसंच लिहिलं.

एका उन्हाळी सामन्यात, शेवटच्या टप्प्यात, दोन डावांच्या मधे, म्हणजे काही सेकंदांच्या दोन झटापटींमधल्या उसंतीत, तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि ओकला. जाळीच्या शिरस्त्राणातूनच ओकला, कारण ते काढायला वेळ नव्हता. मग बाहीने जाळी पुसली, दोन पावलं बाजूला सरकून कोरड्या गवतावर उभा राहिला, आणि पुढच्याच डावात समोरच्याला असा काही अडवला की फेकणाऱ्याला दूरवर बघत उभं राहायला सवड मिळाली. त्या सगळ्या सामन्यांतला त्याचा तो सर्वांत उत्तम डाव होता. हातही वेळेवर आले होते. मी दोन्ही गोष्टी सलग कापून अहवालाला जोडल्या आणि खाली लिहिलं की दमल्यावरही याचं तंत्र ढासळत नाही.

आमचा मॅनेजर जन्मापासून दिल्लीचा. माणूस वाईट नाही. माझ्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा त्याने माझं काम स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि प्लेटलेट्सची सोय झाली का म्हणून रोज फोन करायचा. त्याने माझी जोडलेली चित्रफीत बघितली आणि खुर्चीत सरळ होऊन बसला.

"मॅडम, ये तो सोना है."

मला वाटलं, पुढच्या डावाबद्दल बोलतोय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पँट्रीत गेले तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो मुलगा ओकत होता. ओकून झालं की चित्र पुन्हा मागे जाई आणि तो पुन्हा वाके. कुणीतरी त्याला म्हशीच्या हंबरण्याचा आवाज जोडला होता. खाली टेबलाभोवती आमची टीम छोले-कुलचे खात बसली होती आणि हसता हसता एकाला ठसका लागला होता. मॅनेजर पाठीवर थापट्या मारत त्याला पाणी देत होता.

"याच्या पुढचा डाव कुठे गेला?" मी हिंदीत विचारलं.

"कट कर दिया. आगे का कौन देखता है, यार?" मॅनेजर म्हणाला.

मी डबा उघडलाच नाही. जागेवर येऊन अहवाल उघडला तर माझी वाक्यंही बदललेली होती. 'हात उशिरा येतात' याच्या जागी 'आळशी हात' होतं. 'दमल्यावरही तंत्र टिकतं' हे वाक्य गायब. त्याऐवजी पोटाबद्दल, मांड्यांबद्दल, 'एवढी चरबी घेऊन हा किती वर्षं टिकणार' अशा चार ओळी होत्या. सोबत त्याची मापं घेतानाचा फोटो. निवडीआधी या मुलांना अर्ध्या चड्डीवर उभं करून उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजतात, आणि समोर खुर्च्यांवर बसलेले लोक टिपून घेतात. बैलबाजारात निदान बैलाला चारा घालतात.

कबड्डीच्या निवड चाचणीला आमच्याकडेही एक गृहस्थ येत असत. मुलींच्या दंडाला चिमटीत धरून बघायचे आणि शेजारच्याला सांगायचे, हिचं बूड जड आहे, हिला जरा खायला घाला. आमच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांची बोटं ओलसर असायची. पडद्यावरच्या त्या फोटोकडे बघताना माझ्या दंडावर तो ओलसरपणा परत आला आणि मी चक्क ओढणीने दंड पुसला.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, एक तर पुढचा डाव परत जोडा, नाहीतर उलटी काढून टाका. अर्धं दाखवणं म्हणजे खोटं दाखवणं.

"खोटं कुठे आहे? ओकला नाही का तो?"

"ओकला. आणि मग उभा राहिला."

तो हसला. "आप मराठी लोग भी ना, हर बात में पानीपत कर देते हो. चलो, क्लायंट को ही पूछ लेते हैं."

संध्याकाळी क्लायंटशी व्हिडिओ कॉल होता. पलीकडे एक मध्यमवयीन बाई असत, नेहमी प्रसन्न, हातात कॉफीचा मोठा मग. मी त्यांना दोन्ही तुकडे सलग दाखवले आणि त्या डावात त्याचे हात कधी आले, पाऊल कुठे पडलं, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमची नजर फार सुंदर आहे, खरंच. मग म्हणाल्या, पण त्यामुळे पहिल्या तुकड्याचा परिणाम पातळ होतो. आमच्या वाचकांना शरीराबद्दलच्या त्या ओळी आवडतील, आणखी थोड्या घालता येतील का?

मॅनेजरने टेबलाखाली मला अंगठा दाखवला. म्हणजे, काळजी करू नका, मी घालतो.

मी एवढंच म्हणाले की माझं नाव काढा. तेही त्यांनी आनंदाने मान्य केलं. नाव कुणाचं आहे याने तिथे कुणालाच फरक पडत नव्हता.

चित्रफीत खूप फिरली. खालच्या प्रतिक्रिया मी वाचायला नको होत्या, पण वाचल्या. त्याला डुक्कर म्हटलेलं होतं, टँकर म्हटलेलं होतं, आणि त्याच्या आईचा फोटो शोधून काढून तिच्या अंगावरही लोक घसरले होते. निवड झाली त्या दिवशीचा फोटो होता तो. ती बिचारी त्याच्या गळ्यात पडून रडत होती.

घरी मुलीने विचारलं, "आई, तू जेवत का नाहीयेस?"

"किळस आलीय."

"किळस म्हणजे?"

ती दिल्लीत वाढलेली. मी म्हटलं, "घिन."

"अच्छा. कशाची?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने मोबाइल पुढे केला. ती चित्रफीत तिच्या वर्गाच्या ग्रुपवर आधीच येऊन गेली होती, आणि तिने त्यावर हसणारा चेहरा टाकला होता. तो आता तिने काढला. "मला माहीत नव्हतं ना," ती म्हणाली. तिला कुठून माहीत असणार. पुढचा भाग तिथे नव्हताच.

मग सामन्यांचा हंगाम सुरू झाला. मुलाला पहिल्याच सामन्यात उतरवलं आणि तो फार चांगला खेळला. कुणीतरी त्याचे हात पुढे आणायला शिकवलं होतं. थोड्या आठवड्यांत चाहते त्याचं नाव लिहिलेले शर्ट घालून यायला लागले. एका सकाळी मॅनेजर दोन कागदी कपांत चहा घेऊन माझ्या जागेपाशी आला.

"क्लायंटला तो तुमचा जुना तुकडा हवाय. उलटी आणि पुढचा डाव, दोन्ही. जिद्द, हिंमत, असं काहीतरी लिहायचंय. आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असा सूर."

"पहिला लेख?"

"वो हटा दिया. आयडिया आपका ही था, मॅडम. या वेळी नाव तुमचंच टाकू."

त्याला खरंच वाटत होतं की तो माझी भरपाई करतोय. चहात त्याने माझ्या आवडीचं आलंही घालून आणलं होतं. मी चहा घेतला आणि नाव टाकू नका म्हणून सांगितलं. लेख आला. खालच्या प्रतिक्रियांत तीच माणसं आता डोळे पुसत होती. आईचा तोच फोटो, आता बदामांच्या रांगा. पहिल्या वेळेपेक्षा मला या वेळी जास्त शिसारी आली. शिव्यांमागे निदान त्यांचं खरं मन होतं, असं वाटून गेलं.

त्यानंतर नवीन मुलांची एक तुकडी कामावर आली आणि त्यांना शिकवायला मॅनेजरने मला सांगितलं. उदाहरण म्हणून हाच गडी घ्या, सगळ्यांना माहीत आहे, असं म्हणाला. मी ठरवलं की न कापता अख्खा सामना दाखवायचा. कॉन्फरन्स रूममध्ये पडदे ओढले आणि पावलं कशी बघायची ते सांगायला लागले. मुलं हुशार होती, वह्या काढून बसली होती. पण लवकरच चुळबुळ सुरू झाली. मागून एका मुलीने अगदी अदबीने हात वर केला.

"मॅम, वो उल्टी वाला पार्ट कब आएगा?"

मी पडदा बंद केला, दिवे लावले, आणि मुलांना चहाला पाठवलं. रागावले नाही. त्याच दुपारी मॅनेजरकडे दुसरा खेळ मागितला. तो गोंधळला, त्याने दोनदा कारण विचारलं. शेवटी त्याने मला बॅडमिंटनच्या डेस्कवर टाकलं.

तिथे पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सहकाऱ्याने पडद्यावरच्या एका परदेशी मुलीच्या पोटऱ्यांकडे बोट दाखवलं आणि ओठांचा चंबू करून शिट्टीसारखा आवाज काढला. मी त्याला म्हटलं, "सर्व्हिस बघा. ती तिसऱ्यांदा नेटमध्ये गेलीय."

त्याने सर्व्हिस बघितली. नोंद केली. मग पुन्हा पोटऱ्यांकडे बघायला लागला.