भिंतीवरची गोधडी आणि रामपायलीची मावशी

गोधडी भिंतीवर टांगून तिला चित्र म्हणायचं, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नागपुरात चित्रकला शिकत होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली आणि मधोमध वीतभर जागा आरपार मोकळी सोडली. ती आईची जागा. सर म्हणाले, काठ नीट घाल, मग प्रदर्शनात लावू. तसा हात माझ्या ओळखीत एकच होता, रामपायलीच्या मावशीचा. प्रदर्शन तोंडावर आलेलं. गाठोडं बांधलं आणि निघाले.

गोंदियापर्यंत रेल्वे, पुढे बस. राजेगावला मध्य प्रदेश लागतो आणि पाट्या हिंदी होतात, शेजारणीच्या गप्पा मात्र दोन्ही भाषांत चालूच राहतात. बालाघाटला गाडी बदलावी लागते. तिथेच गरम समोसे खाऊन घ्या, पुढच्या गाडीचा काही नेम नसतो. आणि जायचं तर थंडीत जा. धान कापून झालेलं असतं, माणसं निवांत भेटतात.

मावशीने भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. गोधडी भिंतीवर लावणार म्हटल्यावर तिला हसू आवरेना.

"भिंतीले काय थंडी वाजते?"

तरी सकाळी सुई घेऊन बसली. मी नदीकाठचं राममंदिर पाहून परतले, तर काठ सुरेख झालेला आणि मधली जागा गायब. तिथे हिरवं ठिगळ होतं. फाटकी कथरी, म्हणजे गोधडी, घरात तशीच ठेवायची नाही, हा तिकडचा रिवाज. मला राग आला आणि रडूही.

"मावशी, ते फाटलं नव्हतं. आईची जागा ठेवली होती मी."

मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग तिच्याच लुगड्यानं त बुजवली, पोरी. माह्यापाशी तेवढंच राह्यलं होतं."

तरीही ठिगळ उसवायचं, असं बसमध्ये ठरवून टाकलं. घरी कात्री घेऊन बसले, पहिला टाका सापडला आणि हात पुढे जाईना. बहिणीची शेवटची खूण तिने माझ्या कामात घालून टाकली होती.

सर म्हणाले, मोकळी जागा जास्त बोलली असती. बोलली असती, खरं आहे. मी चित्राखाली माझं आणि मावशीचं, अशी दोघींची नावं लिहिली. प्रदर्शन उठल्यावर गोधडी घरी आणली, अंगावर घेतली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच उजाडेपर्यंत झोपले.