पडिफॅटांचा पहिला घोट

पडिफॅट चहात साखर घेत नसत. दुसऱ्याने घेतली तर साखरेचं भांडं एका बोटाने लांब सरकवत. पाव खाण्याआधी हुंगत. काडी विझवली की तिचाही वास घेत. वारा फिरला की भरल्या ताटावरून उठून अंगणात वास घ्यायला जात. आणि रोज संध्याकाळी 'हॉर्नबीम' पबमध्ये काळ्या बिअरचा पहिला घोट तोंडात घोळवून, मिशी पुसून म्हणत, "माझाच आहे."

माझा म्हणजे माल्ट, बिअरसाठी भाजलेले जव. एमस पडिफॅट वेअर गावातल्या शेवटच्या तपकिरी माल्टच्या भट्टीवर होते. मोड आलेले जव जाळीवर पसरायचे आणि खाली ओकच्या काटक्यांचा जाळ एकदम भडकवायचा. दाणे लाह्यांसारखे तडतडून फुगायला हवेत. जाळ जरा जास्त झाला की भट्टीच पेटायची. पडिफॅटांच्या भुवया कधीच धड उगवल्या नाहीत.

मी त्यांच्या माडीवर राहते, मुलींच्या शाळेत साहित्य शिकवते. मला ते मास्तरीणबाई म्हणत. तुमच्या पुस्तकांत काळोख फार, पण तो कुणी नीट भाजलेला नसतो, असं त्यांचं मत होतं.

गेल्या शरदात बिअर कारखान्याचे गॅरडसाहेब घरी आले. तपकिरी माल्ट परवडत नाही, म्हणाले. मूठभर काळा माल्ट आणि जळकी साखर घातली की तोच रंग येतो. भट्टी बंद करायचं चाललंय. साखरेचं नाव निघताच पडिफॅटांनी पैज लावली. दोन्ही बिअर समोर ठेवा, माझे डोळे बांधा. माझा माल्ट ओळखता आला नाही तर मीच जाळ विझवतो.

"राहू दे ना, एमस," गॅरडसाहेब दोनदा म्हणाले. आम्हाला वाटलं, घाबरले.

शनिवारी पब भरला. मालकीण मॉडबाईंनी भांडी पुसायचं फडकं त्यांच्या डोळ्यांवर बांधलं. पहिल्या ग्लासाला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ही काय बिअर आहे? कुणीतरी धुराडं विसळलंय."

दुसरा घोट बराच वेळ घोळवला. मिशी पुसली.

"माझाच आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गॅरडसाहेब मात्र हातातली टोपी फिरवत राहिले.

"एमस, दुसऱ्यात तुझा एक दाणा नाही. नुसती जळकी साखर आणि काळा माल्ट."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पडिफॅटांचा माल्ट युद्धापासून फक्त परदेशी जाणाऱ्या बाटल्यांत पडत होता. गावातल्या पिंपात तेव्हापासून साखरच होती. कुणी लपवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

पडिफॅटांनी फडकं सोडलं, नीट घडी घातली.

"म्हणजे पहिली माझी?"

"पहिली तुझी."

त्यांनी पहिल्या ग्लासासाठी हात पुढे केला. पण त्यांची बाजू घेण्याच्या भरात मॉडबाईंनी तो ग्लास केव्हाच मोरीत ओतला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहात दोन चमचे साखर घातली आणि भट्टी विझवायला गेले. येताना माल्टचं शेवटचं पोतं आणलं. घरी बिअर करायला परवाना लागतो. तो त्यांनी काढला नाही. कपडे उकळायच्या हंड्यात माल्ट शिजत असताना हवालदार वासावर दाराशी आला. काय शिजतंय, विचारू लागला.

"मुरंबा," पडिफॅट म्हणाले. "साखर भरपूर घातलीय."

बिअर छोट्या पिंपात भरून स्वयंपाकघरात ठेवली. ती हिवाळाभर मुरायला हवी होती. मी एकदा, थोडी चाखू या का, असं विचारलं.

"घाई कशाला, मास्तरीणबाई? इतकी वर्षं दुसऱ्याचीच माझी म्हणून प्यायलो. ईस्टरपर्यंत थांबलो तर काय बिघडतंय?"

फेब्रुवारीत दारापुढचा बर्फ ओढताना ते पायरीवर बसले. दम खायला बसले असतील म्हणून मी चहा टाकला. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता.

अंत्यविधीला कारखान्याने आदराने गावातल्या नेहमीच्या बिअरचं एक पिंप पाठवलं. सगळ्यांनी पहिला घोट तोंडात घोळवला. पडिफॅटांचाच माल्ट, लगेच कळतं, असं बरेच जण म्हणाले. गॅरडसाहेब टोपी फिरवत राहिले. मी ग्लास खाली ठेवला.

स्वयंपाकघरातलं पिंप तिथेच आहे. त्यावर खडूने 'ईस्टर' लिहिलंय. शेजारी हातोडी आहे आणि लाकडी तोटी. गळू नये म्हणून तोटीच्या टोकाला पडिफॅट फडक्याची पट्टी गुंडाळत होते. दोन वेढे झालेत. उरलेली पट्टी लोंबते आहे.