उघडीप किती?

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी पेणला होते आणि अंगणातले गणपती आत घेत होते. आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, पुढे अंगण आणि फळ्यांवर ओल्या शाडूच्या मूर्ती. श्रावणात त्या वाळवायच्या म्हणजे घरात सगळ्यांना एकच काम. ऊन पडलं की फळ्या बाहेर, ढग आला की आत. मी तेव्हा हवाई दलाच्या हवामान शाखेचं ट्रेनिंग नुकतंच संपवलं होतं. खांद्यावर फ्लाइंग ऑफिसरची पट्टी होती आणि डोक्यात बरीच हवा.

वडिलांनी हातातली मूर्ती खाली ठेवली आणि विचारलं, "एवढी शिकलीस ना गो? मग सांग. उघडीप किती?"

"दुपारनंतर पाऊस येईल," मी ट्रेनिंगमधल्या थाटात सांगितलं.

"पाऊस येणार हाय ते मला पण माहीत हाय. श्रावण हाय. ऊन किती वेळ टिकंल ते विचारतोय."

मी आधी आभाळ बघितलं, मग घड्याळ. शेडमधले कारागीर मनसोक्त हसले. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक भरली आणि ईशान्येकडच्या एका हेलिकॉप्टर तळावर रुजू व्हायला निघाले.

या नोकरीत मी शिरले कशी, हे रोह्याच्या कॉलेजातल्या मुली मला अजून विचारतात. रोह्याला आत्याकडे राहून बारावी केली. अलिबागला फिजिक्समध्ये बीएस्सी, मग मुंबईत एमएस्सी. पुढे काय, तर घरच्यांच्या मते शाळेत शिक्षिका. हवाई दलाने मुलींना हवामान शाखेत घ्यायला सुरुवात केली होती. ती जाहिरात मी वडखळ नाक्यावर एसटीची वाट बघताना वाचली. पेपर माझा नव्हता, शेजारच्या बाईंच्या भज्यांचा होता. भजी संपेपर्यंत थांबले आणि तो तेलकट कागद मागून घेतला. आत्या म्हणाली, "म्हंजे तू रेडिओवर पाऊस सांगणार आणि लोकं छत्री घरी ठेवून जाणार, व्हय ना?" हा विनोद पुढे चौदा वर्षं मी निरनिराळ्या रँकच्या माणसांकडून ऐकला. सिलेक्शन बोर्डाने विचारलं, घरचे काय करतात? मी म्हटलं, गणपती वाळवतात. बोर्डही हसला, पण मला घेतलं.

तळावरचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. फुगा सोडून वरच्या वाऱ्याची नोंद, नकाशे, उपग्रहाचं चित्र, डोंगरावरच्या लष्करी पोस्टशी रेडिओवर बोलणं आणि सहाला ब्रीफिंग. माझं पहिलंच ब्रीफिंग स्क्वाड्रन लीडर बिष्ट यांनी मध्येच थांबवलं. हा गढवालचा माणूस, अंगाने काटकुळा, आवाज मात्र भरदार. तळावरचे सगळ्यात अनुभवी पायलट.

"मॅडम, बारिश तो होगी. इथे रोजच होते. ढगात भोक कधी पडेल आणि किती वेळ राहील, ते सांगा. मला त्यातूनच जायचंय."

मला हसू फुटलं. भर ब्रीफिंगमध्ये हसल्याबद्दल सीओंनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरनी, माझ्याकडे रोखून पाहिलं. मग मला वडिलांचा किस्सा सांगावा लागला आणि उघडीप या शब्दाचा अर्थही. बिष्टना शब्द फारच आवडला. पण तो त्यांच्या तोंडात बसेना. ते म्हणायचे 'उघदीप'. मी दुरुस्त करायची, सर, उघडीप. ते म्हणायचे, "दीप म्हणजे दिवा. अंधारात तेवढाच उजेड. माझाच शब्द बरोबर आहे." महिनाभरात सगळे पायलट 'उघदीप कितनी?' विचारायला लागले. पेणच्या पोरीने हवाई दलाला एक शब्द दिला आणि तोही मोडका.

हवामानशास्त्र मी पुस्तकातून शिकले, पण अंदाज सांगायला मला बिष्टनी शिकवलं. बहुतेक पायलट अंदाज घेऊन जातात आणि परत आल्यावर सरळ जेवायला जातात. बिष्ट आधी हवामान कक्षात यायचे. उभ्याउभ्या चहा घेत, वर प्रत्यक्षात काय दिसलं ते सांगायचे. माझं चुकलं असेल तर तेही सांगायचे, आवाज न चढवता. एकदा परवानगी काढून त्यांनी मला बरोबर नेलं. "खुर्चीत बसून दरी कळत नाही, मॅडम." त्या फेरीत मी पाहिलं, ऊन चढलं की दरीतला ढग भिंतीला धरून कसा वर सरकतो आणि कड्यावरची पोस्ट कशी गिळतो. त्यानंतर माझे अंदाज सुधारले. मला हा माणूस फार आवडायचा, हे आज सरळ सांगून टाकते. असा सीनियर नोकरीच्या सुरुवातीला भेटणं म्हणजे नशीब.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी कड्यावरच्या पोस्टचा निरोप आला. दरड बंकरवर आली होती. चार जवान जखमी, चौघेही गंभीर. पायवाट वाहून गेलेली. हेलिकॉप्टरशिवाय मार्ग नव्हता आणि आमच्या लहान मशीनमध्ये एका वेळी दोनच जखमी मावत. म्हणजे दोन फेऱ्या.

सीओंनी माझ्याकडे वळून विचारलं, "मेट?" हवामानवाल्यांना तिथे सगळे मेटच म्हणायचे.

"कडा अकरापर्यंत उघडा राहील, सर. त्यानंतर दरीतला ढग वर येईल. अकराच्या पुढे माझ्याकडे काही नाही."

"पक्कं?"

"पक्कं, सर."

वेळ भरपूर होता. पण आमच्याच तळावर धुकं बसलं होतं आणि ते साडेनऊपर्यंत हललं नाही. बिष्ट इंजिनाशेजारी येरझाऱ्या घालत होते. धुकं उठताच ते आणि को-पायलट फ्लाइट लेफ्टनंट थॉमस निघाले. साडेदहाला दोन जखमी घेऊन परत आले. स्ट्रेचर उतरवली. इंजिन चालूच होतं. बिष्टनी थॉमसला खाली उतरवलं, तेवढंच वजन कमी. थॉमस वाद घालत होता, ते लांबूनही दिसत होतं.

मी टॉवरमध्ये सीओंच्या शेजारी उभी होते. रेडिओवर आवाज आला.

"टॉवर, मॅडम आहेत तिथे?"

"आहे, सर."

"उघदीप कितनी?"

"पंचवीस मिनिटं, सर. वर पोचाल. परत यायला उघडीप नाही."



"ऊपर दो लडके हैं, मॅडम."

सीओंनी माइक घेतला. "बिष्ट, निर्णय तुझा. नाही म्हणालास तर कुणी काही विचारणार नाही."

"जा रहा हूँ, सर."

अकराला पाच कमी असताना ते पोस्टवर उतरले. अकरा वाजून गेल्यावर दोघांना घेऊन उठले. टॉवरच्या काचेतून कडा दिसत होता, मग अर्धा दिसत होता, मग नुसतं पांढरं. मी मनात म्हणत होते, चुकू दे माझं. आज एकदा चुकू दे.

"उघदीप खतम, मॅडम. सही बोला था आपने." आवाज रोजच्यासारखाच होता. मग, "टॉवर, नदीपात्रात उतरवतोय."

त्यानंतर टॉवरने किती हाका मारल्या, मला आठवत नाही. दुपारी पायी गेलेली तुकडी पोचली. मशीन नदीच्या वाळूत एका अंगावर कलंडलेलं होतं. पायलटची बाजू खडकावर आदळली होती. मागचे दोन्ही जवान जिवंत होते. स्क्वाड्रन लीडर बिष्ट सीटवरच गेले होते, हात कंट्रोलवर.

चौकशीत ठरलं की हवामानाचा अंदाज अचूक होता. काही जणांनी चांगल्या मनाने माझं अभिनंदनसुद्धा केलं. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. मी रजा टाकली आणि राजीनामा द्यायचा ठरवून पेणला आले. कारखान्यात ऐन हंगाम होता. वडील मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. बिष्ट त्यांना माझ्या पत्रांतून माहीत होते. वडील त्यांना 'तुझा दिवेवाला' म्हणायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"त्याला उघडीप जास्त सांगितलीस?"

"नाही."

"कमी?"

"नाही. होती तेवढीच."

"मग तो आंधळा नाय गेला गो. समदं ठावूक असून गेला. तुझ्यावर भरवसा होता म्हणून तर विचारलंन ना?" मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "ऊन आलंय. फळी धर."

मी फळी धरली. रडत होते, पण फळी हलू दिली नाही. आठवडाभराने तळावर परतले.

नंतर दोन तळ झाले, बढती झाली, हाताखाली शिकाऊ अधिकारी आले. प्रत्येकाला मी आधी हेलिकॉप्टरने दरी दाखवून आणायची. चौदा वर्षं झाल्यावर स्क्वाड्रन लीडर म्हणून बाहेर पडले. आता धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्ज चालवणाऱ्या एका कंपनीला वारा आणि लाटांचा अंदाज देते, शिफ्टमध्ये. काम मिळतं का, असं विचारणाऱ्या मुलींना सांगते, मिळतं. विमानतळाला लागतं, बंदराला लागतं, शेतीला लागतं. फक्त 'मॅडम, पक्कं?' या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी ठेवा.

मागच्या वर्षी युनिटच्या वर्धापनदिनाला जुन्या तळावर बोलावणं आलं. सकाळच्या ब्रीफिंगला मी मागच्या रांगेत बसले. पुढे एक तरुण मुलगी नकाशा समजावत होती. ती बोलायची थांबताच पहिल्या रांगेतल्या पायलटने विचारलं,

"मॅडम, उघदीप कितनी?"

"पौने दो घंटे," ती म्हणाली आणि पुढचा नकाशा लावला.

ब्रीफिंग संपल्यावर मी त्या पायलटला विचारलं, हा शब्द कुठला? तो म्हणाला, "मेटचा टेक्निकल शब्द आहे, मॅडम. कोर्समध्ये नसतो, इथेच शिकवतात." वर भिंतीवरच्या फोटोंच्या रांगेत बिष्ट हसत होते. हा पोरगा त्या फोटोखालीच उभा होता.

त्या मुलीने माझं नाव ऐकलं होतं आणि मी मराठी आहे हेही तिला ठाऊक होतं. तिने चाचरत विचारलं, "मॅडम, उच्चार चुकीचा आहे का? दुरुस्त करायचा?"

"शब्द पेणचा आहे," मी म्हटलं. "उच्चार स्क्वाड्रन लीडर बिष्ट यांचा आहे. तो तसाच राहू द्या."