गोळ्या उष्ण पडतात

आमच्या गोखिवऱ्यात बाईचे केस गळायला लागले की ती डॉक्टरकडे जात नाही, टँकरच्या पाण्याला शिव्या घालते. मीही घातल्या, मनापासून. वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन दोनेक वर्षं झाली होती. बाथरूमच्या जाळीत रोज केसांचा बोळा अडकायचा आणि मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्यावरून भांडायचे. त्याला टक्कल होतं, तेही मी पुराव्यात धरलं.

तोवर सगळीकडून कौतुकच चाललं होतं. समोरची शेजारीण जिन्यात थांबवून म्हणायची, "अय्या, कॉलेजातली दिसतेस!" कौतुकानं पोट भरायचं, तसंही ते आता वाटीएवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आतड्याचा रस्ताच बदललाय, नुसत्या जेवणातून हवं ते अंगाला लागणार नाही, गोळ्या आणि इंजेक्शनं जन्मभर घ्यायची. घेतही होते. मग तोंड आलं. जीभ लालभडक, आमटी लागली तरी डोळ्यांत पाणी.

तोंड आलं म्हणजे उष्णता, यात आमच्याकडे दुमत नाही. शेजारीण म्हणाली, "एवढ्या गोळ्या गरम पडतात गं. उन्हाळाभर बंद ठेव, इंजेक्शनसुद्धा नको." नवऱ्याला पटलं, मलाही पटलं. मी सब्जा भिजवायला लागले, धन्याजिऱ्याचं पाणी प्यायला लागले. उन्हाळा गेला, गोळ्या कपाटातच राहिल्या. तोंड बरं होईना म्हणून सब्जा वाढवला. तोंड आलं होतं ते जीवनसत्त्वं कमी पडत होती म्हणून, हे फार उशिरा कळलं. अंगाला जे हवं होतं तेच आम्ही उष्ण म्हणून बंद केलं होतं. आजही आठवलं की संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

पायांना मुंग्या यायच्या, तेव्हा फरशी गार आहे म्हणून मोजे घातले. पुढे मुंग्याही थांबल्या. मला वाटलं, सुटले. एकदा वसईच्या बाजारातून घरी आले तर एका पायात चप्पल नव्हती. कुठे निघाली, मला पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी दोन पात्यांचा लोखंडी काटा टेबलावर आपटून थरथरता माझ्या घोट्यावर टेकवला. "जाणवतंय?" मी विचारलं, "टेकवलात का?" इंजेक्शनं आता चुकवू नका, आहे ते टिकेल, असं ते म्हणाले. गेलेलं परत येईल का, असं नवऱ्यानं विचारलं.

"आशा धरू नका," ते म्हणाले.

मी धरली नाही. मला आता कशाचीच आशा वाटत नाही. नवऱ्याला मात्र ते पटेना. रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो माझे पाय मांडीवर घ्यायचा, तळव्यावर बोट टेकवायचा आणि विचारायचा, "कळतंय का?" बोट कुठे आहे ते बघून मी सांगायचे, "हो, करंगळीजवळ." तो खूश होऊन डबा उचलायचा. एवढं खोटं बोलणं मला जड गेलं नाही.

परवा म्हणाला, "आज डोळे मीट." मी मिटले. जरा वेळ गेला.

"कळतंय?"

"हो," मी म्हणाले, "अंगठ्यापाशी."

डोळे उघडले तर माझे पाय त्याच्या मांडीवर होते, आणि त्याचे दोन्ही हात मागे, गादीवर टेकलेले.