देवाला वाहिलेली पोर

मी भिंगारची. जीभ तिखट. जिल्हा परिषदेनं कर्जत तालुक्यातल्या एका गावी शाळेवर नेमलं, तेव्हा आईनं निघताना बजावलं होतं, परक्या गावात तोंड सांभाळून राहा. ते काही मला जमलं नाही.

गावाबाहेर माळावर एक मठ होता. ज्या बाईची मुलं जगत नसत ती तिथल्या देवाला नवस बोलायची, एवढं जगलं तर तुझ्या पायाशी आणून घालीन. मूल जाणतं झालं की मठाच्या उंबऱ्यावर त्याच्या मुठीतला आईचा पदर सोडवून घेत. त्यानंतर आईनं त्याला 'माझं' म्हणायचं नाही, हा नेम. भेटायला गेली तरी विचारायचं, देवाची लेकरं बरी आहेत ना? चुकून 'माझं' म्हटलं तर देव ते उचलून नेतो, असं सगळे मानत.

माझ्या दुसरीच्या वर्गातली एक पोर अशीच वाहिलेली होती. तिच्या आधीची दोन पाळण्यातच गेली होती. ही जगली, पण आईचा जीव होईना, म्हणून नवस फेडायचा राहून गेला होता. मग दुष्काळ पडला. बाप कारखान्याकडं काम शोधायला गेला तो फिरकलाच नाही. गोठ्यातली गाय मेली, तशी सासूनं हाय खाल्ली. देवाचं ठेवून घेतलंय म्हणून हे होतंय, असं ती उठता-बसता बोलू लागली. शेवटी आई पोरीला मठात घालून आली आणि दुसऱ्या दिवशी तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. पोरीचं दप्तर तिनंच मला शाळेत आणून दिलं. मी संतापले. म्हटलं, अगं, तुला काही वाटतं का? ती म्हणाली, "बाई, तितं दोन टायमाला भाकर तरी मिळंल तिला." माझ्या घरातही रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्याच भाकरी होत्या.

मठातलं सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. मुलं भजन शिकत, जेवत, एकमेकांच्या उवा मारत. पण एका मुलानं नैवेद्याचा गूळ चोरून खाल्ला म्हणून मठाच्या महाराजांनी त्याच्या हातावर तापलेलं उलथनं टेकवलं. ते कुणीतरी तालुक्याला कळवलं, आणि एका सकाळी फौजदार माझ्या दारात उभे राहिले. मुलींच्या खोलीत जायचं तर बाईमाणूस हवं, आणि तालुक्यात बाई पोलीस नव्हती. मी पंच म्हणून गेले. खरं सांगायचं तर आनंदानं गेले. त्या पोराचा हात मी पाहिला होता.

शिपाई बुटांसकट देवासमोरून गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका कपाळ बडवून घेऊ लागल्या. महाराज मात्र शांत होते. त्यांनी फौजदारांना विचारलं, "कोर्टाचा कागद आहे का? घटनेनं आम्हाला आमचा धर्म पाळायची मोकळीक दिलीय." फौजदार म्हणाले, "पोरांना डागायची नाही दिलेली." दोघंही बरोबर बोलत होते. पण कागद त्या एकट्या मुलासाठी होता आणि फौजदारांनी उचलली सगळी मुलं. मी म्हटलं, साहेब, बाकीच्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. ते म्हणाले, "बाई, आज सोडली आणि उद्या एखाद्याला काही झालं, तर तुम्हीच मला शिव्या घालाल." तेही खरंच होतं. मुलं ट्रकमध्ये बसली तेव्हा माझ्या वर्गातली ती पोर माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, बाई आहेत म्हणजे सहल असेल.

कर्जतच्या कोर्टात आईबापांना बोलावलं. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, मऊ बोलणारे. ज्यांनी मुलं ओळखली त्यांना बजावून, ताकीद देऊन ती परत देत होते. पोरीच्या आईची पाळी आली. तिनं कामावरून येताना हातपाय धुतले होते, डोक्यावरून पदर घेतला होता.

"ही मुलगी कोणाची?"

"देवाची, साहेब."

"ते राहू द्या. तुमची आहे ना?"

लेक चार हातांवर उभी होती, आईकडं टक लावून. साहेबांनी पुन्हा विचारलं, अगदी समजावून. तिचे ओठ हलले, आणि मग तिनं मान हलवली. "न्हाई. माजी न्हाई."

मी उठले. म्हटलं, साहेब, हिचीच आहे हो, मी हिची शिक्षिका. शिपायानं मला खाली बसवलं, विचारल्याशिवाय बोलायचं नसतं म्हणे. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. आई नाही म्हणते, बापाचा पत्ता नाही, मठात परत धाडता येत नाही. त्यांनी पोरीला नगरच्या बालगृहात पाठवलं. दुसरं काय करणार होते? वाहिलेल्या लेकराला जपायचं म्हणून त्या बाईनं जे केलं, त्यानंच तिचं लेकरू गेलं. मला तिचा राग आला, देवाचा आला, साहेबांचा आला आणि सगळ्यात जास्त कशाचा आला ते अजून ठरवता येत नाही.

पुढं ती एकटीच नगरला जाऊन आली. दारावरच्या माणसानं विचारलं, कोण लागता मुलीच्या? हिला सांगता येईना. तशीच फाटकापाशी बसली, लेक कुठं दिसते का बघत, आणि संध्याकाळच्या यष्टीनं परत आली. तिथून थेट माझ्याकडं. मी पुढ्यात चहा ठेवला, तो तसाच निवला.

"बाई, मी 'माजी' म्हनले आन तिला काय झालं तर?"

मला शहाणपण सुचत होतं, पण तिच्या तोंडाकडं बघून ते बोलवेना. म्हटलं, मला नाही माहीत गं. तू म्हणालीस तर मी बरोबर येईन, एवढंच सांगते. ती उठून गेली. पुष्कळ दिवसांनी, खडी फोडून फोडून हातांच्या चिंध्या झालेली ती शाळेच्या दारात येऊन म्हणाली, "चला. म्हनते मी."

आणि म्हणाली. कोर्टात, त्याच साहेबांसमोर. "माजी हाय. मीच वागवली पोटात." साहेबांनी लगेच हुकूम दिला. नगरहून तिला घेऊन येताना यष्टीत पोर खिडकीशी बसली होती, केस बारीक कापलेले, अंगावर बालगृहाचा झगा. आईनं आपला पदर तिच्या मुठीत दिला. तो पोरीनं गाव येईपर्यंत सोडला नाही. मी आयुष्यात फार कमी वेळा इतक्या सुखात बसून प्रवास केलाय.

घरी सासू दारात आडवी उभी राहिली. ती दुष्ट नव्हती, घाबरली होती. मला म्हणाली, "मास्तरीनबाई, देवाचं परत आनलंय. आता आमाला पानी तरी दिसंल का?" मायलेकी गोठ्यात राहिल्या. टँकर आला की बायका पोरीची घागर रांगेतून बाजूला सारत. कामावर कुणी आईच्या हातचं घेईना, तिला देईना. शाळेत मी पोरीला पहिल्या ओळीत बसवलं, तर बाकीची पोरं मागं सरकली. त्यांना मी मारलंसुद्धा, आणि त्यानं काहीही झालं नाही. महाराज जामिनावर सुटून गावात उजळ माथ्यानं फिरत होते. लोक त्यांना विचारत होते, यावर उतारा काय? मी म्हटलं, पोर माझ्या खोलीवर राहू दे. घरमालकानं त्याच दिवशी खोली रिकामी करायला सांगितली. फौजदारांना जाऊन भेटले. ते हळहळले. म्हणाले, "बाई, मठावर धाड घालता येते. अख्ख्या गावावर कुठून घालू?"

पोर वाळत चालली. एक दिवस आईच म्हणाली, "नगरला सोडून येऊ. तितं कुनी तिला शिवायचं टाळत न्हवतं."

मी बरोबर गेले. या वेळी ट्रक नव्हता, शिपाई नव्हते, कुणी कुणाला घटना सांगितली नाही. पोरीला सांभाळायची ऐपत नाही, असा अर्ज मीच लिहिला आणि आईनं अंगठा उठवला. आधी तिच्याच्यानं तो उठवेना. पोर शेजारी उभी राहून आपल्या हातातल्या बांगड्या काढत होती. यात्रेतल्या, काचेच्या, आईनं गेल्याच आठवड्यात भरलेल्या. त्या तिनं आईच्या ओंजळीत ठेवल्या.

"हितं चालत न्हाईत," ती म्हणाली. "तू जा आता. यष्टी चुकंल."

मग कुणी न सांगता तिनं थाळ्यांच्या चळतीतली एक थाळी उचलली आणि मुलींच्या पंगतीत जाऊन बसली.