न चावणारी चप्पल

कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावतेच. तिला तेल पाजायचं, आठवडाभर फोड सोसायचे, मग ती पायात बसते. आमच्या गल्लीत हे सोसण्यालाही मोठा मान होता. त्यामुळे माझे वडील, आप्पा, कोरा करकरीत जोड घालून पहिल्याच दिवशी कळंबा तलावापर्यंत जाऊन आले, तेव्हा कट्ट्यावर त्यांचा भाव वधारला.

"चावलीच न्हाई की!" ते सगळ्यांना सांगत सुटले. "मानूस वळखतंय चामडं."

चावली होती. पण शुगरनं त्यांचे तळवे कधीच बधिर झाले होते. गोळ्या घ्यायचे त्या आठवण आली तर. अंगठ्याखालचा फोड फुटला आणि त्यावरच ते महिनाभर फिरले.

आम्हाला कळलं ते वासानं. वाटलं, माळ्यावर उंदीर मेलाय. मी माळा उपसला, आईनं ट्रंका हलवल्या, आणि आप्पा घरात पायमोजे घालून बसले होते, वर आम्हाला कुठं शोधायचं तेही सांगत होते. शेवटी आईला संशय आला. तिनं मोजा ओढला, तो जखमेला चिकटलेला. आत हळद-तंबाखूचा लेप, त्यातून झिरपणारा पिवळा पू, कडेनं काळं पडलेलं मांस. मी मोरीकडं पळालो आणि भडाभडा ओकलो.

आई म्हणाली, "दवाखान्यात चला."

"पाय तोडत्यात तिथं. दुखत न्हाई तर जायाचं कशाला?"

माणसानं किती आडमुठं असावं! डोकं फिरलं माझं. पण खरं सांगायचं तर मी भांडलो नाही. मी त्यांची खाट परसातल्या पडवीत नेली. "हवा लागली की जखम सुकेल," असं वर तोंड करून म्हणालो. कारण एवढंच होतं, की त्या वासात माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. फडकं आई बदलायची. मी नाकाला रुमाल लावून चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायचो आणि मागं फिरायचो. त्या वासाचा मला राग यायचा, आणि वासासकट आप्पांचाही. असे दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी ते तापानं बरळू लागले, तेव्हा कुठं रिक्षा आणली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी फडकं सोडलं. काळं घोट्यापर्यंत चढलं होतं. त्यांनी गुडघ्याच्या चार बोटं खाली पेननं रेघ ओढली. "इथून काढावा लागेल. आधी आणलं असतं, तर बोटावर निभावलं असतं. वास कधीपासून येतोय?"

आई माझ्याकडं बघू लागली. मी फरशीकडं.

आप्पा हातावर जोर देऊन कसेबसे उठून बसले.

"परवापास्नं," ते म्हणाले. "पोरगं लगीच घिऊन आलं बघा."